नाव सांगा, पत्ता देतो

चाकूरला पत्र पाठवायचे असेल तर पाकिटावर आपण काय लिहितो? आधी माणसाचे नाव, मग मु. पो. चाकूर, ता. चाकूर, जि. लातूर आणि सर्वांत शेवटी महाराष्ट्र. लिहिणारा वरून खाली लिहितो, पण टपालखाते ते खालून वर वाचते. आधी राज्य, मग जिल्हा, मग तालुका. माणसाच्या नावाची गरज अगदी दाराशी आल्यावर. इंटरनेटवरची नावेही नेमकी अशीच वाचली जातात. टिंबांनी तोडलेल्या नावाचा शेवटचा तुकडा म्हणजे राज्य आणि पहिला म्हणजे दारावरची पाटी.

आपल्याकडे तर गाव आडनावातच शिरते. महाराष्ट्रात पाटील किती, याची मोजदाद कोणी करू नये. पण १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे सभापती असलेले शिवराज पाटील ‘चाकूरकर’ म्हटले की घोटाळा उरत नसे. इंटरनेटवाल्यांनी केले ते एवढेच. प्रत्येकाला ‘कर’ लावला.

यंत्रांना मात्र नावे कळत नाहीत. त्यांना हवे असतात आकडे. म्हणून नाव घेऊन आकडा सांगणारा कोणीतरी मध्ये लागतो. पूर्वी, म्हणजे अमेरिकेत हे जाळे लहान होते तेव्हा, सगळ्या यंत्रांची नावे एकाच यादीत मावत. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधनसंस्थेत एलिझाबेथ फाइनलर या बाई आणि त्यांचे सहकारी ती यादी सांभाळत. यादी वाढत गेली आणि एका कचेरीला ती आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी राज्य-जिल्हा-तालुक्याची ही पद्धत बसवली. तिलाच डीएनएस म्हणतात. भारताच्या वाट्याला ‘डॉट इन’ आले ते १९८९ साली, आणि त्याचे दप्तर पुढे कितीतरी वर्षे मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात होते. २०१४ च्या ऑगस्टात ‘डॉट भारत’ हे देवनागरी नावही मिळाले. मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी अशा आठ भाषांना ते एकदमच लागू झाले. पडद्याआड मात्र यंत्रे त्याचे ‘एक्सएन, दोन आडव्या रेघा, एच-टू-बी-आर-जे-नाइन-सी’ असे इंग्रजी रूप करूनच वाचतात. बारशाला ठेवलेले नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरेच, तसला प्रकार!

आता वाचक म्हणतील, हे सारे दूरदेशीचे झाले. आमच्या घरात त्याचे काय? गंमत अशी की या खात्याची एक शाखा तुमच्या घरातच आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात किंवा टीव्हीच्या मागे वायफायचा जो डबा लुकलुकत असतो, त्याच्या आत एक चिमुकला पत्ता-सांग्या बसलेला असतो. पुष्कळ डब्यांत तो ‘डीएनएसमास्क’ नावाचा असतो. सायमन केली या इंग्लंडातल्या गृहस्थांनी २००० सालापासून तो लिहिला आणि फुकट वाटला. त्याची खुबी ही की घरातल्या यंत्रांना आकडे वाटून देण्याचे आणि नावे लक्षात ठेवण्याचे काम तो एकटाच करतो. चाळीच्या भाडेवसुली कारकुनाला कोण कुठल्या खोलीत राहतो हे विचारावे लागत नाही. खोली त्यानेच दिलेली असते.

माझे मावसभाऊ, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, ते चाकूरला असतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे असा डबा मी स्वतः मांडून दिला. तयार डब्यावर कंपनीने घातलेले सॉफ्टवेअर काढून त्याजागी ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही लिनक्सची लहान आवृत्ती बसवली. २००३ साली एका अमेरिकन राउटरची मूळ लिखावट परवान्याच्या अटीमुळे खुली करावी लागली आणि तिच्यातून पुढच्याच वर्षी हा प्रकल्प उभा राहिला.

अशा डब्यासाठी पॅकेज बांधणे म्हणजे वसतिगृहातल्या मुलाला फराळाचे पार्सल धाडण्यासारखे आहे. जागा मोजकी. दादांच्या डब्यात कायमची साठवण अवघी १६ मेगाबाइट, म्हणजे आजच्या मोबाइलने काढलेल्या चार छायाचित्रांत संपेल एवढी. त्यात सबंध लिनक्स, वायफाय आणि हा पत्ता-सांग्या बसवायचा. डब्याची चिप अशक्त असते. प्रोग्रॅम तिच्यावर तयार होत नाही, मोठ्या संगणकावर तिच्या जातीचे दळण दळून आणावे लागते. पार्सलात काय घालायचे? मूळ प्रोग्रॅम, डबा सुरू होताच त्याला उठवणारी चिठ्ठी, आधी आणखी काय काय घरात असायला हवे त्याची यादी आणि सेटिंगचा कागद. या कागदाबद्दल बांधणाऱ्याने एक पथ्य पाळायचे असते. नवी आवृत्ती बसवताना जुना कागद फाडायचा नाही. तो घरधन्याच्या मालकीचा असतो.

सेटिंगमधली पहिली गोष्ट म्हणजे स्मरणशक्ती. एकदा विचारलेले नाव तो लक्षात ठेवतो. मूळ लेखकाने दीडशे नावांची सोय ठेवली होती, ती वाढवता येते. याने सिनेमा काही लवकर उतरत नाही, तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण बातम्यांचे एक पान उघडताना त्यामागे जाहिरातींसकट डझनभर नावे विचारली जातात, त्यांतली निम्मी घरीच उलगडली की पान चटकन उमटते. प्रत्येक उत्तरावर मुदत लिहिलेली असते. ती संपली की ते विसरायचे. हे फार शहाणपणाचे. चाकूरच्या पत्त्यावर १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत जिल्हा उस्मानाबाद होता. मग लातूर झाला. उस्मानाबादचेही २०२३ साली धाराशिव झाले. मुदत न पाहता पाठांतरावर चालणारा माणूस आजही पाकीट चुकीच्या जिल्ह्याला धाडील.

खरी कसोटी लागली ती विजेपाशी. मी डब्याशी खटपट करीत असताना वहिनी चहा घेऊन आल्या. “भाऊजी, लाइट गेली की ह्ये समदं इसरतंय म्हणं, मग काय उपेग?” प्रश्न बिनतोड होता. स्मरणातली नावे विजेबरोबर जातात, त्याचे दुःख नाही. पुन्हा विचारता येतात. पण असल्या स्वस्त डब्यांत घड्याळाचा सेलही नसतो! वीज आली की डबा मागच्याच कुठल्यातरी तारखेला जागा होतो. इकडे उत्तर खरे की बनावट हे ओळखण्यासाठी त्यावर सही असते आणि सहीला तारखेची मर्यादा असते. डबा म्हणतो, ही सही तर पुढच्या तारखेची, खोटी! बरे, घड्याळ जुळवावे म्हटले तर वेळ सांगणाऱ्या यंत्राचा पत्ता विचारावा लागतो, आणि त्या उत्तरावरची सहीदेखील त्याला खोटीच वाटते. किल्ली आत आणि कुलूप बाहेरून, अशी गत. यावर तोड म्हणून सेटिंगमध्ये एक ओळ घालतात: घड्याळ जुळेपर्यंत सहीच्या तारखा पाहू नकोस, जुळले की तुला निरोप येईल, मग पाहा. वहिनींना हे मी किल्लीच्या भाषेत सांगितले. “मंजी शेजारणीकडं एक किल्ली ठिवायची,” त्या म्हणाल्या आणि रिकामी कपबशी घेऊन गेल्या.

सहीचा एवढा आटापिटा कशाला, असे कोणी विचारील. २००८ साली डॅन कामिन्स्की या अमेरिकन तरुणाने दाखवून दिले की पत्ता-सांग्याच्या कानात खोटे उत्तर सहज भरवता येते. मग बँकेचे नाव तुम्ही अगदी बरोबर लिहाल आणि पोहोचाल चोराच्या घरी. खुद्द डीएनएसमास्कमध्ये २०१७ साली गूगलच्या तपासनिसांना सात दोष सापडले, आणि २०२१ च्या जानेवारीत आणखी सात जाहीर झाले. दोन्ही वेळा लेखकाने तत्परतेने दुरुस्ती दिली. पण दुरुस्ती डब्यापर्यंत नेणार कोण? मोबाइल आपणहून आठवण करतो. कोपऱ्यातला डबा कधी बोलत नाही. दिवे लुकलुकतात, मुलांचे अभ्यास होतात, बिले भरली जातात, आणि आत बसलेला कारकून सहा-सहा वर्षांपूर्वीचा असू शकतो.

दादांच्या डब्याच्या पाठीवर मी आवृत्तीचा आकडा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे. दर तीन महिन्यांनी नवी आवृत्ती आली का ते पाहण्याचे काम त्यांच्या दहावीतल्या मुलीने घेतले आहे. परतीच्या वाटेवर लातूरच्या एका दुकानात मी सहज विचारले, “या राउटरला दुरुस्त्या किती वर्षे मिळतील?” दुकानदार भला माणूस. त्याने खोके फिरवून फिरवून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, याला चार अँटेना आहेत.”