मँचेस्टरच्या बायकांचं पुढे काय झालं

जुन्या वैद्यकीय चाचण्यांचे मूळ निष्कर्ष सगळेच वाचतात. मला नाद आहे तो त्यांच्या उत्तरकांडाचा. त्यातलं सर्वांत अस्वस्थ करणारं प्रकरण ‘क्लिनिकल रेडिओलॉजी’त १९८९ साली आलं. लेखक जोन्स आणि रिबेरो. विषय होता, स्तन काढल्यानंतर छातीवर रेडिएशन घेतलेल्या आणि न घेतलेल्या मँचेस्टरच्या बायका ३४ वर्षांत कशाकशाने गेल्या.

चाचणी सुरू केली ती ख्रिस्टी हॉस्पिटलच्या राल्स्टन पॅटर्सनने, १९४९ मध्ये. रेडियम कसं मांडायचं याची कोष्टकं जगभर वापरली जात होती, ती पॅटर्सन आणि पार्कर यांची. म्हणजे किरणोपचारातला मोठा माणूस. आपल्याच उपचाराला त्याने कसोटीला लावलं, याचं मला फार कौतुक वाटतं. निम्म्या बायकांना शस्त्रक्रियेनंतर लगेच रेडिएशन. बाकीच्यांवर नुसती नजर, आजार उलटला तरच किरण. १९५९ मध्ये त्याने आणि मॅरियन रसेलने निकाल मांडला. छातीवर आजार उलटण्याचं प्रमाण घटलं होतं, आयुष्य काही वाढलं नव्हतं.

मग का द्यायचं? पुढची काही दशकं हाच वाद. अमेरिकन सर्जन बर्नार्ड फिशरच्या मते हा आजार सुरुवातीपासूनच अंगभर गेलेला असतो, छातीवर कितीही मेहनत घ्या. त्यात १९८७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ जॅक क्युझिकने जुन्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर दहा वर्षं जगलेल्या बायकांमध्ये पुढे रेडिएशनवाल्याच जास्त दगावत होत्या.

कशाने? उत्तर जोन्स आणि रिबेरो यांनी तपासलेल्या मँचेस्टरच्या मृत्युनोंदींत होतं: हृदयविकार. त्या काळच्या यंत्रांचे किरण कातडीवर जोरदार आणि खोलवर दुबळे. उरोस्थीमागच्या लसीकाग्रंथींपर्यंत ते पोचवताना हृदय त्यांच्या वाटेत येई. १९९४ मध्ये क्युझिकनेही मरणाची कारणं वेगळी काढली. कर्करोगाचे मृत्यू कमी, हृदयाचे जास्त. उपचार निरुपयोगी नव्हताच. एका हाताने दिलेलं तो दुसऱ्या हाताने काढून घेत होता.

हृदयाला टाळता येतं का? डेन्मार्कने छातीच्या भिंतीसाठी इलेक्ट्रॉनचा झोत वापरला. तो ठरावीक खोलीपलीकडे फारसा जात नाही. मारी ओव्हरगार्ड यांच्या १७०८ रुग्णांच्या चाचणीत, सर्वांना केमोथेरपी असूनही, दहा वर्षांनी रेडिएशनवाल्या ५४ टक्के हयात होत्या, बाकीच्या ४५. हे १९९७ मध्ये छापून आलं. १९९९ च्या तपासणीत हृदयविकाराचे जादा मृत्यूही दिसले नाहीत. टीकाकारांनी बोट ठेवलं ते काखेवर. डॅनिश सर्जननी तिथल्या ग्रंथी मोजक्याच काढल्या होत्या, मग राहिलेल्या कामाचं श्रेय किरणांना मिळालं, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप रास्त होता, पण सगळा फायदा त्याने पुसला जात नाही. २०१४ च्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, काखेतल्या ग्रंथी नीट काढूनही, एक ते तीन ग्रंथींत कर्करोग असलेल्या बायकांत रेडिएशनमुळे २० वर्षांचे स्तनकर्करोगाचे मृत्यू ५०.२ वरून ४२.३ टक्क्यांवर आले. ग्रंथी स्वच्छ असतील, तर मात्र फायदा नाही.

या बायका जुन्या औषधांच्या काळातल्या. म्हणून सुप्रीमो ही चाचणी झाली. तिचं नेतृत्व एडिनबरोच्या इयन कंकलर यांच्याकडे. मध्यम धोक्याच्या १६०७ रुग्ण. २०२५ चा निकाल असा: दहा वर्षांनी रेडिएशन घेतलेल्या ८१.४ टक्के हयात, न घेतलेल्या ८१.९. छातीवर आजार उलटला तो अनुक्रमे १.१ आणि २.५ टक्के जणींत. वाचवण्यासारखं उरलंच होतं थोडं.

हा निकाल मला पटतो, पण तो कुणाला लागू नाही हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडे अनेक जणी गाठ मोठी झाल्यावर, काखेत पसरल्यावरच डॉक्टरकडे पोचतात. चार किंवा अधिक ग्रंथींत आजार असलेल्या बायका सुप्रीमोत घेतलेल्याच नव्हत्या. त्यांच्यासाठी रेडिएशनची शिफारस आजही कायम आहे.