विश्लेषण : पद्धत बदलली की चढाया का अडतात?

प्रभादेवी, लालबाग, परळ, वरळी या पट्ट्यात हिवाळा आला की कबड्डीच्या स्पर्धांचे मांडव पडतात. प्रकाशझोतातल्या या सामन्यांत एक चित्र वारंवार दिसते. एखादे मंडळ नवा प्रशिक्षक आणते, चढाईची घडी बदलते आणि पहिल्या तीन-चार सामन्यांत त्याच संघाचे चढाईपटू अडखळू लागतात. प्रेक्षक म्हणतात, जुने बरे होते. कार्यकारिणीत कुजबुज सुरू होते. हेच प्रो कबड्डीतही घडते, फक्त तिथे पैसे कोटींत असतात. नवी पद्धत आल्यावर आक्रमण आधी का मंदावते आणि कधी थांबायचे, कधी बदलायचे हे कसे ठरवावे, याचा हा वेध.

ताजी उदाहरणे कोणती?

दोन्ही उदाहरणे महाराष्ट्रातलीच आहेत. पहिले पुणेरी पलटणचे. आठव्या हंगामात हा संघ बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात यूपी योद्धाकडून हरला. नवव्या हंगामासाठी, म्हणजे 2022 मध्ये, प्रशिक्षक अनुप कुमार यांच्या जागी बी. सी. रमेश आले. इराणचा फजल अत्राचली कर्णधार झाला. सुरुवात मात्र निराशाजनक होती. पाटणा पायरेट्सशी 34-34 अशी बरोबरी, बेंगळूरु बुल्सकडून 39-41 आणि गुजरात जायंट्सकडून 37-47 अशी हार. पहिला विजय मिळाला तो चौथ्या सामन्यात, यू मुम्बावर 30-28 असा. त्याच हंगामाच्या शेवटी हा संघ गुणतालिकेत दुसरा होता आणि 17 डिसेंबर 2022 रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, प्रभादेवीपासून अवघ्या काही किलोमीटरवर, अंतिम सामना खेळत होता. तो सामना जयपूर पिंक पँथर्सने 33-29 असा जिंकला. पुढच्या हंगामात पुण्याने साखळीतले 22 पैकी फक्त दोन सामने गमावले आणि 1 मार्च 2024 रोजी हरयाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून विजेतेपद मिळवले.

दुसरे उदाहरण मुंबईचे. दुसऱ्या हंगामाचा विजेता यू मुम्बा दहाव्या हंगामात प्रशिक्षक घोलमरेझा माझंदरानी यांच्या हाताखाली खेळला, पण पहिल्या सहांत आला नाही. प्रशिक्षक तेच ठेवले गेले. अकराव्या हंगामात संघ बाद फेरीत पोहोचला.

चढाईची ‘पद्धत’ म्हणजे नेमके काय?

बाहेरून पाहणाऱ्याला चढाई म्हणजे एकट्या गड्याचे धाडस वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे संघाचे चार निर्णय असतात. एक, कोणत्या क्रमाने कोण जाणार. दोन, समोर किती गडी असताना बोनससाठी जायचे. पुरुषांच्या मैदानात निदानरेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर आणि बोनसरेषा तिच्या पुढे एक मीटरवर असते, आणि समोर किमान सहा गडी असतील तरच बोनस मिळतो. तीन, कोणत्या कोपऱ्यावर हल्ला करायचा आणि कोणत्या बाजूने परतायचे. चार, घड्याळाशी कसे वागायचे, म्हणजे 30 सेकंद खर्ची घालून रिकामे परतायचे की पहिल्या दहा सेकंदांतच हात मारायचा.

जुन्या पद्धतीत या चारही प्रश्नांचे उत्तर बहुधा एकच असते, ते म्हणजे ‘मोठ्या गड्याला पाठवा’. नव्या पद्धतीत तीन किंवा चार जणांत काम वाटले जाते. पुणेरी पलटणने पुढच्या काळात हेच दाखवले. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे चढाई करू शकणारे अनेक गडी एका वेळी संघात होते. नवव्या हंगामाच्या उपांत्य सामन्यात अस्लम आणि मोहित दोघेही नव्हते, तेव्हा पंकज मोहितेने चढायांचा भार उचलला आणि तमिळ थलैवाजला 39-37 असे हरवले. एका गड्यावर उभ्या असलेल्या संघाला हे जमले नसते.

मग सुरुवातीला गुण का आटतात?

पहिले कारण शरीराचे आहे. चढाईपटू विचार करून हात मारत नाही. कोपरारक्षकाचा खांदा झुकला की पाय आपोआप फिरतो. ही सवय हजारो चढायांतून अंगात मुरलेली असते. नवी पद्धत सांगते, आता डाव्याऐवजी उजव्या कोपऱ्यावर जा. मेंदूला ते लगेच कळते, पायाला कळायला वेळ लागतो. मधल्या काळात गडी अर्धा क्षण थबकतो आणि कबड्डीत अर्ध्या क्षणात घोटा पकडला जातो.

दुसरे कारण भूमिकांचे. काल ज्याच्या वाट्याला वीस चढाया येत होत्या, त्याच्याकडे आज बारा आल्या. तो प्रत्येक चढाईत जास्त काही करून दाखवायला जातो. काल ज्याला चारच मिळत होत्या, त्याला आता दहा मिळाल्या. तो चुकू नये म्हणून रेषेजवळूनच परततो. एक जण जास्त धोका पत्करतो, दुसरा अजिबात नाही. निकाल एकच, गुणफलक हलत नाही.

तिसरे कारण प्रतिस्पर्ध्यांचे. नवे काही दिसले की समोरचा प्रशिक्षक चित्रफीत पाहून दोन सामन्यांत त्यावर उतारा काढतो. आपल्या गड्यांना पद्धतीचा पहिला भागच येत असतो, तेव्हा प्रतिस्पर्ध्याने त्या भागाची तयारी केलेली असते. दुसरा आणि तिसरा भाग शिकून झाला की मगच ही दरी भरते.

तिसऱ्या चढाईचे गणित काय सांगते?

नव्या पद्धतीची खरी परीक्षा ‘करो या मरो’ चढाईत होते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की त्या संघाच्या तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो. नाही घेतला तर चढाईपटू बाद आणि गुण प्रतिस्पर्ध्याला. समोरच्या बचावपटूंना हे माहीत असते. ते कोपरे बंद करून, साखळी धरून, घाई न करता वाट पाहतात.

साधे गणित करू. 40 मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक चढाई पूर्ण 30 सेकंद चालली, तर एकूण 80 चढाया होतात, म्हणजे एका संघाला 40. संघ अगदी सावध खेळला आणि प्रत्येक वेळी तिसऱ्यावरच आला, तर त्याच्या वाट्याला 13 निर्णायक चढाया येतात. यातल्या केवळ तीन चढाया यशाऐवजी अपयशात गेल्या, तर काय होते? प्रत्येकी आपला एक गुण गेला आणि त्यांना एक मिळाला, म्हणजे फरक दोनचा. तीन चढायांत सहा गुणांचे अंतर. वर सांगितलेले दोन्ही अंतिम सामने चार आणि तीन गुणांनी सुटले होते, हे इथे लक्षात ठेवायला हवे.

शिवाय चढाईपटू बाद होतो तो वेगळाच. तो परत येण्यासाठी संघाला समोरचा गडी बाद करावा लागतो. बोनस गुणाने कोणी उठत नाही. चांगला चढाईपटू बाहेर बसला की पुढची निर्णायक चढाई कच्च्या गड्यावर येते, तोही बाद होतो आणि बघता बघता लोण चढतो. लोणाचे दोन जादा गुण जातात. नवी पद्धत शिकणाऱ्या संघाची पडझड हळूहळू न होता एकदम होते, ती या साखळीमुळे.

दोष नेहमी चढाईचाच असतो का?

नाही. पुणेरी पलटणचेच आकडे पाहा. पहिल्या तीन सामन्यांत संघाने 34, 39 आणि 37 गुण केले, तरी एकही सामना जिंकला नाही. पहिला सामना जिंकला तेव्हा गुण होते फक्त 30. बदल झाला तो दुसऱ्या बाजूला. आधी 34, 41 आणि 47 गुण दिले गेले होते, त्या दिवशी 28 च दिले. गुण मिळत असूनही सामने हरणारा संघ बहुधा बचावात गळत असतो, आणि बचाव गळला की चढाईपटूंवर गुण भरून काढण्याचा ताण येतो. म्हणून केवळ चढाईपटूंना बोल लावणारा अर्धेच चित्र पाहत असतो.

मातीवरून मॅटवर येताना हेच झाले होते का?

मुंबईच्या मंडळांनी या सगळ्याचा अनुभव प्रो कबड्डीच्या आधीच घेतला आहे. गिरणगावात कबड्डी वाढली ती मातीत. संध्याकाळी पाणी मारायचे, रोलर फिरवायचा आणि अनवाणी उतरायचे. मातीत पाय रुततो, अंग घसरते, जोर लागतो. ताकदीच्या पकडी आणि दमदार झटापटी यांना तिथे किंमत होती. मॅटवर बूट आले, पायाला पकड आली, वळणे जलद झाली. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेपासून कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला आणि मोठ्या स्पर्धा मॅटकडे वळत गेल्या. मातीत राजा असलेला चढाईपटू मॅटवर आला की सुरुवातीला त्याचा अंदाज चुकायचा. मातीत जो पाय निसटला असता, तो मॅटवर जागीच थांबायचा. त्याचे कौशल्य कुठे गेले नव्हते, बदलली होती ती जमीन. ज्या मंडळांकडे स्वतःची मॅट नव्हती, त्यांची मुले आठवडाभर मातीत सराव करून रविवारी मॅटवर सामना खेळायची. अशा वेळी कुठलीही नवी पद्धत रुजायला दुप्पट वेळ लागतो.

मोठा चढाईपटू विकत घेतला तर प्रश्न सुटतो?

तेलुगू टायटन्सचा अनुभव याचे उत्तर देतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईने सहाव्या हंगामात यू मुम्बासाठी दोनशेहून अधिक गुण मिळवले. पुढच्या हंगामासाठी टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाखांना घेतले. त्याचे गुण पुन्हा दोनशेपलीकडे गेले, पण संघ तळाच्या गर्दीतच राहिला. दहाव्या हंगामात त्याच संघाने पवन सेहरावतला 2 कोटी 60 लाखांहून अधिक किंमत दिली. पवनने चढाईत दोनशेच्या घरात गुण मिळवले, तरी टायटन्सने 22 पैकी दोनच सामने जिंकले आणि शेवटचा क्रमांक घेतला. गडी मिळाला, पण त्याच्याभोवतीची घडी बसली नाही.

उलट बाजू जकार्तात दिसली. 2018 च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुषांना उपांत्य सामन्यात इराणने 27-18 असे हरवले. 1990 पासूनची सातही सुवर्णपदके भारताकडे होती, ती मालिका तिथे तुटली. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारताला 27-24 असे हरवले. त्या इराणी महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. नावाजलेल्या गड्यांपेक्षा एका लयीत खेळणारे सात जण भारी पडले.

पद्धत चुकली आहे की रुजते आहे, हे ओळखायचे कसे?

गुणफलकावरून ते कळत नाही. मंडळाच्या वहीत चार गोष्टी लिहिल्या तरी पुरते. पहिली, निर्णायक चढायांत यश किती. दुसरी, चढाईपटू कुठे पकडला गेला, नेहमीच्याच जागी की दर वेळी वेगळ्या. एकाच जागी पकडला जात असेल तर ती पद्धतीतली भेग आहे आणि दुरुस्त होऊ शकते. दर वेळी वेगळ्या जागी होत असेल तर गडी अजून गोंधळलेला आहे, त्याला सराव हवा. तिसरी, मुख्य चढाईपटू बाहेर बसलेला असताना संघाने किती गुण केले. हा आकडा वाढत असेल तर हार होत असूनही पद्धत रुजते आहे. चौथी, किती गुण दिले. ही चारही माहिती एका मुलाला पेन्सिल देऊन बाकावर बसवले तरी मिळते.

पाच-सहा सामन्यांनंतरही चारही आकडे जागचे हलले नाहीत, तर मात्र हट्ट सोडावा. हाताशी असलेल्या गड्यांना न झेपणारी पद्धत कागदावर कितीही चांगली असली तरी उपयोगाची नाही. तीन उंचापुरे, ताकदवान गडी असलेल्या संघाला केवळ बोनसवर खेळायला लावणे म्हणजे बैलगाडीला शर्यतीची चाके लावण्यासारखे आहे.

यात पणाला काय लागते?

प्रो कबड्डीच्या संघमालकाला एक हंगाम वाया गेला तर पुढचा असतो. प्रभादेवी-लालबागच्या गड्याचे तसे नसते. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या यांच्या संघांतून खेळाडूंना नोकऱ्या मिळत आल्या आहेत आणि गिरण्या बंद पडल्यानंतर इथल्या अनेक घरांना त्याच नोकऱ्यांचा आधार झाला. निवड चाचणीच्या वर्षी मंडळाने पद्धत बदलली आणि मुलाच्या नावापुढचे गुण आटले, तर त्याची किंमत त्याचे घर मोजते. एकोणीस-वीस वर्षांच्या गड्याकडे अशी दोन-तीनच वर्षे असतात.

म्हणून बदल करायचाच असेल तर तो स्पर्धांचा हंगाम सुरू होण्याआधी, पावसाळ्यातल्या सरावात करावा, आणि निवड चाचणीच्या तोंडावर असलेल्या मुलांना त्यांची जुनी चढाई करायची मोकळीक ठेवावी. बाकीच्यांसाठी कार्यकारिणीने पहिल्या दिवशीच ठरवावे की किती सामने वाट पाहायची आणि वहीतले कोणते आकडे पाहायचे. हे आधी ठरलेले असले की तिसऱ्या पराभवानंतरची बैठक प्रशिक्षकाच्या खुर्चीवर घसरत नाही, आणि चढाईला निघालेल्या मुलाला पाठीमागून कोण काय म्हणते आहे याकडे कान द्यावा लागत नाही.