दुहेरी साक्ष : शांग राजवंशाचा शोध

प्राचीन ग्रंथांतील वंशावळी कितपत प्रमाण मानाव्यात, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच. चीनमध्ये विसाव्या शतकात त्याची जी उकल झाली, ती अध्यापकांनी अवश्य लक्षात घ्यावी अशी आहे.

सिमा छ्येन याने इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या आरंभी ‘शीजी’ हा इतिहासग्रंथ सिद्ध केला. त्यात शांग राजांची नामावली आहे. परंतु शांग राजवटीचा अस्त होऊन तेव्हा सुमारे साडेनऊशे वर्षे लोटली होती. इतक्या उत्तरकालीन ग्रंथावर विसंबावे कसे?

१८९९ मध्ये वांग यीरोंग यांनी काही जुन्या हाडांवरील प्राचीन लिपी ओळखली. अशी हाडे आन्यांगजवळच्या शेतांत सापडत आणि औषध म्हणून विकली जात. शांग राजे बैलाच्या खांद्याच्या हाडावर व कासवाच्या कवचावर कौल लावीत. हाडाच्या मागील बाजूस खळगा करून तेथे आच दिली म्हणजे पुढे तडा जाई. त्यावरून शुभाशुभ ठरवून प्रश्न तेथेच कोरीत. १९१७ मध्ये वांग ग्वोवेई यांनी या लेखांतील राजनामे ‘शीजी’शी ताडून पाहिली. नामावली बहुतांशी खरी ठरली. तथापि दोन निरनिराळ्या संग्रहांतील तुकडे जुळवून त्यांनी तीन पूर्वजांचा ग्रंथातील क्रम चुकल्याचेही दाखविले. ग्रंथाने हाडाचा अर्थ लावावा आणि हाडाने ग्रंथ शोधावा, या पद्धतीस त्यांनी १९२५ मध्ये ‘दुहेरी साक्ष’ असे नाव दिले.

१९२८ ते १९३७ या काळात आन्यांग येथे शास्त्रशुद्ध उत्खनन झाले. १९३६ मध्ये एकाच खड्ड्यातून १७,००० हून अधिक लेखांकित तुकडे निघाले. पुढे १९७६ मध्ये फू हाओ या राणीची अभंग समाधी उघडली गेली. ‘शीजी’त जिचे नावही नाही, ती राजा वू दिंग याची राणी सैन्य घेऊन जात असे, हे अस्थिलेखांवरून ठाऊक होते, आता तिच्या नावाची कांस्यपात्रेच हाती आली. अस्थिलेखांतील चंद्रग्रहणांच्या नोंदी व किरणोत्सारी कार्बनाची मोजणी यांच्या साह्याने वू दिंगचा काळ इ. स. पूर्व तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपास येतो. अशा रीतीने भाषाशास्त्र, पुरातत्त्व, ज्योतिर्गणित आणि पदार्थविज्ञान या साऱ्यांची साक्ष एकत्र आली.

मात्र शांग खरे ठरले म्हणून परंपरेतील सारेच खरे ठरत नाही. गू च्येगांग यांनी १९२६ पासून ‘गूशीब्येन’ या ग्रंथमालेतून अतिप्राचीन सम्राटांच्या कथांवर जे आक्षेप घेतले, त्यांचे बळ अस्थिलेखांनी ओसरले नाही. शांगपूर्व श्या राजवंशाचा संबंध पुष्कळ विद्वान अर्लितोउ येथील अवशेषांशी जोडतात. परंतु त्या वंशाचे नाव सांगणारा समकालीन लेख तेथे मिळालेला नाही आणि म्हणून तो वाद मिटलेला नाही.

परंपरेवर सरसकट विश्वास ठेवणे जितके सोपे, तितकेच तिला सरसकट भाकड ठरविणेही सोपे. साक्ष जेथवर पोचते तेथवरच विधान करावे, हीच इतिहासाची मर्यादा आणि तीच त्याची प्रतिष्ठा होय.