कृत्रिम प्रतिपिंडे आणि क्रयशक्तीचा प्रश्न

सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने वर्तविला आहे. दगावणारी माणसे बहुतांशी खेड्यांतील, शेतात राबणारी. त्यांच्यावरील मुख्य उपचार मात्र तत्त्वतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होता तोच आहे. घोड्याला थोडथोडे विष टोचावयाचे आणि त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे काढून घ्यावयाची. मुंबईत हाफकिनमध्ये प्रतिसर्पविष याच रीतीने तयार होत आले आहे. ते प्राण वाचविते, यात शंका नाही. परंतु घोड्याचे परके प्रथिन काही रोग्यांना सोसत नाही, हेही खरे.

रसायनशास्त्राने याला पर्याय सुचविला आहे. जर्मनीत ग्युंटर वुल्फ यांनी १९७२ मध्ये एका रेणूभोवती पॉलिमरचे जाळे विणून नंतर तो रेणू काढून टाकण्याची रीत दाखविली. साच्यातून गणपतीची मूर्ती काढल्यावर उरते तशी पोकळी त्या जाळ्यात उरते, आणि तसाच रेणू पुन्हा भेटला की ती त्याला धरून ठेवते. कॅलिफोर्नियातील केनेथ शे आणि त्यांचे जपानी सहकारी यांनी मधमाशीच्या विषातील मेलिटिन या घटकाचा ठसा घेऊन अतिसूक्ष्म कण बनविले. मेलिटिन टोचलेल्या उंदरांच्या रक्तात ते सोडल्यावर मृत्यूचे प्रमाण घटले, असे त्यांनी २०१० मध्ये जाहीर केले. पुढे २०१८ मध्ये शे यांच्याच गटाने एका आफ्रिकी नागाच्या विषाने उंदरांच्या त्वचेची होणारी हानी अशा कणांनी रोखून दाखविली. या वेळी ठसाही घेतला नव्हता. विषाला चिकटतील असे घटक पारखून कण घडविले होते.

उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांबची आहे. पण ती चालण्याचा खर्च कोण करणार? कारखान्यात घडणाऱ्या या द्रव्याला ना घोडा लागतो ना साप, म्हणून ते आपोआप स्वस्त होईल, हा समज भाबडा होय. एकस्व ज्याच्या हाती, किंमत त्याच्या हाती. शिवाय बाजार गरज मोजीत नाही, क्रयशक्ती मोजतो. फ्रान्समधील सनोफी कंपनीने आफ्रिकेसाठीच्या आपल्या प्रतिसर्पविषाचे उत्पादन २०१४ मध्ये थांबविले. आफ्रिकेतील साप काही त्या वर्षी चावावयाचे थांबले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादीत स्थान दिले ते २०१७ मध्ये.

तेव्हा भारत सरकारनेच पुढे व्हावयास हवे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषांवरील अशा संशोधनाला सार्वजनिक निधी द्यावा, एकस्व सरकारी संस्थेकडे ठेवावे आणि औषध सिद्ध झाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी ठरावीक साठा ठरावीक दराने उचलण्याची हमी आधीच जाहीर करावी.