अलिबागहून मुरूडला सायकलवरून

मोटारीत बसलेला मनुष्य पुष्कळ जग पाहतो. पण ते त्याच्या डोळ्यांपुढून नुसते धावत जाते. पायी चालणारा मनुष्य सारे बारकाईने पाहतो. पण संध्याकाळपर्यंत त्याची मजल दोन-चार गावांपलीकडे जात नाही. सायकलस्वाराला या दोघांच्या मधली मोक्याची जागा मिळाली आहे. तासाला बारा-तेरा किलोमीटर अशा बेताच्या गतीने तो जातो. वाळत घातलेल्या मासळीचा वास त्याला येतो, वाडीतील माणसांचे बोलणे त्याच्या कानी पडते आणि वाटेल तेथे एक पाय जमिनीला टेकून त्याला थांबता येते. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर बसून निघाले आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगारा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली परत आले. आपला बेत एवढा मोठा नाही. अलिबागहून समुद्रकाठाने मुरूडला जायचे, रात्री तेथे मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे, एवढाच आपला प्रवास.

अलिबागहून मुरूड सुमारे पन्नास किलोमीटर आहे. ज्यांना सवय नाही त्यांनी प्रथम एका दिवसात सतरा किलोमीटरवरील रेवदंड्यापर्यंत जाऊन परत यावे. तेवढे सुखाने जमले, तरच मुक्कामाच्या सफरीचा विचार करावा. पन्नास किलोमीटरांना बसून चालविण्याचे चार तास लागतात. पण पाणी पिणे, पाहणे, चाकातील हवा गेली तर ती भरणे, यांत आणखी अडीच तास सहज जातात. हा दुसरा आकडा हिशेबात धरावयास बहुतेक जण विसरतात.

निघण्यापूर्वी सायकलीची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. समजा, पॅडलजवळच्या दातेरी चक्रास ४४ दात आहेत आणि मागील चाकाच्या चक्रास १८ आहेत. साखळी दोन्हींवरून जात असल्यामुळे पॅडलचा एक फेरा होतो तेव्हा मागील चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. चाकाचा परीघ सव्वादोन मीटरांच्या आसपास असतो. म्हणजे पायाच्या एका फेऱ्यात आपण साडेपाच मीटर पुढे जातो. सपाट रस्त्यावर हा सौदा फायद्याचा आहे. चढावर मात्र तोच अंगावर येतो, कारण एका फेऱ्यात साडेपाच मीटर चढून जाण्याचे काम पायांना पेलत नाही. गिअरच्या सायकलीत मागे मोठे चक्र आणि पुढे लहान चक्र घेता येते. दोन्हींचे दात सारखे झाले, की एका फेऱ्यात चाकही एकदाच फिरते. फेरे अधिक मारावे लागतात. पण प्रत्येक फेरा हलका होतो. जिना चढताना आपण एकेक पायरी घेतो, तीन-तीन पायऱ्यांवर उडी मारीत नाही. त्यातलाच हा प्रकार. ज्यांच्या सायकलीला गिअर नाही त्यांनी चढावर खाली उतरून सायकल हाताने न्यावी. त्यात कसलीही नामुष्की नाही.

अलिबागेस पाहण्यासारखा कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे. परंतु पुरी ओहोटी असेल तर त्याच्या दरवाजापर्यंत पायी जाता येते. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील दर्यावर्दी लोकांचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे. तृतीया असेल तर तीन पाऊण सव्वादोन, म्हणून सव्वादोनच्या सुमारास भरती. आणि तिच्या आधी वा नंतर सहा तासांनी, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या आसपास ओहोटी. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. त्या वेळी पाणी फारसे चढत नाही आणि पुरतेपणी उतरतही नाही. म्हणून तो दिवस किल्ल्यासाठी टाळावा. हा हिशेब स्थूल आहे. तेथील कोळ्यांना विचारल्यावाचून पाण्यात पाऊल घालू नये, आणि पाणी चढू लागण्यापूर्वी परत फिरावे.

गावातच भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू व्हावयाच्या होत्या. त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील नाजूक चुंबकसुया विचलित होतील, म्हणून हे काम १९०४ साली अलिबागेस आणले. आपल्या लोखंडी सायकली तिच्यापासून दूर ठेवलेल्याच बऱ्या!

अलिबाग सोडल्यावर रस्ता नागाव आणि चौल या गावांच्या नारळी-पोफळींच्या वाड्यांतून जातो. सावली इतकी दाट, की उन्हाची तिरीप रस्त्यावर नाण्यांसारखी सांडलेली दिसते. आजचे हे शांत चौल एके काळी नामांकित बंदर होते. प्राचीन ग्रीक लेखकांना ते ठाऊक होते आणि पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी येथेच उतरला. पुढे रेवदंड्याच्या पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातून रस्ता आरपार जातो. आपण सायकलीवर बसल्या बसल्या किल्ल्यात शिरतो आणि बाहेर पडतो. त्यानंतर कुंडलिकेच्या खाडीवरील पूल लागतो. पुलावर वारा आडवा येतो. तेथे एकामागे एक, डाव्या कडेने आणि हँडल घट्ट धरून जावे.

पलीकडे कोर्लई गाव आहे. मराठ्यांनी १७४० साली हा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतला. पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून झालेली एक निराळी बोली आजही घरोघर बोलली जाते. राज्य गेल्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, बोली मात्र राहिली. गावात थांबलो तर ती कानांवर पडते. मोटारीतून जाणाऱ्याला हे कोठून ऐकू येणार?

कोर्लईपासून चढउतार सुरू होतात. एका बाजूस डोंगर आणि दुसऱ्या बाजूस समुद्र. काशीद, नांदगाव ही गावे मागे टाकीत दुपारी मुरूड येते. मुरूडपासून जवळच राजपुरी आहे. तेथून होडीने जंजिऱ्यास जातात. सिद्दीचा हा जलदुर्ग मराठ्यांना, इंग्रजांना आणि पोर्तुगीजांनाही जिंकता आला नाही, हे तुम्ही इतिहासात वाचलेच असेल.

आता वाऱ्याविषयी, कारण या वाटेवर खरी परीक्षा वाराच घेतो. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री जमीन लवकर निवते व मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. हिवाळ्यात या किनाऱ्यावर दुपारचा खारा वारा बहुधा वायव्येकडून येतो. आपला रस्ता दक्षिणेस जातो. म्हणून जाताना हा वारा पाठीशी असतो आणि आपल्याच पायांत बळ आले आहे असे आपल्याला वाटते. येताना तोच वारा तोंडावर येतो.

हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही एका हिवाळ्यात मी चुकलो. चौदा मुलांना घेऊन आम्ही मुरूडला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी जंजिरा पाहण्यात वेळ गेला आणि परत निघावयास दुपारचा एक वाजला. वारा समोरून येत होता. दणकट मुले पुढे निघून गेली, मीही त्यांच्याबरोबर होतो. रेवदंड्याच्या पुलाशी मोजणी केली तेव्हा मुले तेरा भरली! माझ्या पोटात धस्स झाले. दोघा मोठ्या मुलांकडे बाकीच्यांना सोपवून मी मागे फिरलो. कोर्लईच्या अलीकडे एका झाडाखाली तो मुलगा बसलेला होता. हात थरथरत होते, अंगाला गार घाम सुटला होता. सकाळपासून त्याने काही खाल्ले नव्हते आणि “थांबा” म्हणावयास त्याला लाज वाटली होती. गूळ-शेंगदाणे आणि मीठ-साखर घातलेले लिंबाचे पाणी पोटात गेल्यावर अर्ध्या तासाने तो उठला. चौलच्या वाड्यांत आम्हांला अंधाराने गाठले. चौदा सायकलींत दिवे चार. चूक त्या मुलाची नव्हती. निघण्याची वेळ मी ठरविली होती आणि पुढेही मीच होतो.

आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो सतत श्रमाने काही तासांत उतरत जातो. तो संपत आला की हातपाय एकाएकी गळतात, आणि मग उत्साह कितीही असला तरी उपयोग होत नाही. म्हणून भूक लागण्यापूर्वीच दर तासाला केळे, दशमी, चिक्की असे काही थोडे खावे. पाणीही तहानेची वाट न पाहता प्यावे. त्या दिवसानंतर आमच्या सफरीत सर्वांत हळू चालविणारा मुलगा सर्वांच्या पुढे असे आणि मी सर्वांच्या मागे. परतीला आम्ही उजाडताच निघत असू. जंजिरा पहिल्या दिवशी पाहून झाला तर झाला, नाहीतर पुढच्या वर्षी.

बरोबर फार सामान नको. डोक्याला शिरस्त्राण आणि पुढे-मागे दिवा एवढे मात्र हवेच, कारण सुट्टीच्या दिवशी या रस्त्यावर मोटारींची गर्दी असते. शिवाय पंप, पाना, ठिगळे, सोल्युशन आणि कानशीचा तुकडा घ्यावा. ट्यूब फुटल्यास तिच्यात थोडी हवा भरून पाण्यात बुडवावी. बुडबुडे येतात तेथे भोक. ती जागा कोरडी करून घासावी, सोल्युशन लावावे आणि ते किंचित वाळल्यावर मगच ठिगळ दाबावे. घाईने ओल्यावरच लावलेले ठिगळ पुढच्या गावापर्यंतही टिकत नाही.

घरी पोचल्यावर आडवे होण्याची फार इच्छा होते. पण दोन दिवसांच्या खाऱ्या हवेने साखळीवर मीठ बसलेले असते आणि रात्रभरात ती तांबूस दिसू लागते. गोड्या पाण्यात भिजविलेल्या फडक्याने सायकल पुसावी, मग कोरड्या फडक्याने कोरडी करावी आणि पॅडल उलटे फिरवीत साखळीच्या कडीकडीवर तेलाचा थेंब सोडावा.