जस्त काढायचंय? मग चिमटा नीट निवडा!

मेसच्या आमटीतून फक्त कढीपत्ता काढायचा झाला तर काय कराल? गाळणी लावली तर टोमॅटो, मिरची सगळंच जातं. पेशींमधून जस्त, म्हणजे आपलं झिंक, काढतानाही नेमकी हीच पंचाईत होते.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही पेशींच्या माध्यमात २ मिलिमोलर ईडीटीए टाकलं. तासाभरात पेशी गोल होऊन प्लेटवरून सुटल्या. "जस्त गेलं, पेशी मेल्या!" म्हणून आम्ही खूश. पण ट्रिपॅन ब्लू टाकून पाहिलं तर बहुतेक पेशी निळ्या झाल्याच नाहीत, म्हणजे जिवंत होत्या. झालं होतं असं, की आमच्या माध्यमात कॅल्शियम १.८ मिलिमोलर आणि जस्त जेमतेम काही मायक्रोमोलर. ईडीटीएने कॅल्शियमच पळवलं आणि पेशींची पकड सुटली. एक आठवडा पाण्यात!

म्हणून पहिला प्रश्न : जस्त कुठलं काढायचंय, पेशीबाहेरचं की आतलं?

बाहेरचं असेल तर कॅल्शियम-ईडीटीए घ्या. त्याच्या हातात कॅल्शियम आधीच असतं. जस्ताला ते काही लाखपट घट्ट धरतं, त्यामुळे जस्त दिसलं की कॅल्शियम सोडतं. मात्र त्याचा वेग कमी. मेंदूच्या पेशींमध्ये क्षणात सुटणारं जस्त पकडायला ते अपुरं पडतं. त्यासाठी २०११ मध्ये झेडएक्स-१ हे चपळ रसायन आलं. चेलेक्स रेझिनने सीरम आधीच साफ करता येतं, पण त्यात इतर धातूही जातात, ते मोजून परत घालावे लागतात.

आतलं असेल तर ईडीटीए उपयोगाचं नाही, ते पेशीच्या पडद्यातून सहज जात नाही. तिथे टीपेन चालतं. ते आत शिरतं, जस्ताला प्रचंड घट्ट धरतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमला फारसं विचारत नाही. पण तांबं आणि लोहही धरतं! शिवाय काही मायक्रोमोलरलाच अनेक पेशी मरू लागतात. सीरममधलं जस्तही टीपेन खातं, म्हणून सीरम बदललं की डोस पुन्हा ठरवा.

आता कंट्रोल. टीपेन डीएमएसओमध्ये विरघळवलं असेल, तर नुसत्या डीएमएसओची एक प्लेट हवीच. दुसऱ्या प्लेटमध्ये टीपेनइतकंच जस्त घाला. परिणाम नाहीसा व्हायला हवा. पण एवढ्यावर खूश होऊ नका! जस्ताने भरलेलं टीपेन लोहही पकडत नाही, म्हणजे दोषी लोह असलं तरी निकाल तोच दिसेल. म्हणून वेगळ्या प्लेटमध्ये लोह आणि तांबं देऊन बघा, आणि जमल्यास वेगळ्या रचनेच्या रसायनाने पडताळा घ्या.

थोडक्यात काय, तर बाटली उचलण्याआधी वहीत तीन ओळी लिहा : जस्त कुठलं, सोबत आणखी काय जाईल आणि हे ओळखणार कसं. आमचा आठवडा गेला, तुमचा वाचू दे!