न सापडलेल्या धाग्यांचं गणित



वळसंगला सातवीच्या वर्गात गुरुत्वीय लहरींवर बोलताना वैश्विक तंतूंचं नाव निघालं. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, कुणी बघितलेत का?" म्हटलं, नाही. "मग गणित कशाचं करतात?" प्रश्न रास्त होता.

१९७६ साली टॉम किबल या शास्त्रज्ञानं एक कल्पना मांडली. विश्व सुरुवातीला फार तापलेलं होतं. ते थंड होताना, पाणी गोठताना बर्फात भेगा राहतात तसे, अतिशय बारीक आणि लांबच लांब तंतू राहून गेले असतील. अजून एकही सापडलेला नाही.

आपल्या सोलापूरकडच्या माणसाला सुताचं वेगळं सांगायला नको. दोन धागे आडवे-उभे ठेवा, छेदतात तिथं कापा आणि टोकांची अदलाबदल करून जोडा. तंतू भेटले की असंच घडतं, असं गणित सांगतं. एकच धागा वळून स्वतःलाच छेदला, तर? एक कडं सुटून बाजूला पडतं. (वर्गात जरूर करून बघा, पोरं स्वतःच कड्यापर्यंत येतात.) तंतूचं कडं प्रचंड ताणामुळं थरथरतं, गुरुत्वीय लहरी सोडत आकसतं आणि संपून जातं. मधेच त्याचा एखादा भाग चाबकासारखा फटकारतो, तेव्हा लहर जोरात निघते.

शास्त्रज्ञ संगणकावर अशी असंख्य कडी मोजतात आणि सगळ्यांची मिळून गुणगुण किती होईल ते काढतात. ताण जास्त धरला की गुणगुण मोठी. काही प्रकारचे तंतू मात्र भेटूनही आरपार निघून जातात. मला वाटलं, मग लहरी कमी होणार. उलटंच आहे! कापाकापी कमी झाल्यानं तंतू दाट साचतात आणि लहरी वाढतात.

ही गुणगुण ऐकायला आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचीही मदत होते. तिथं ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. पल्सार तारे घड्याळासारखे ठोके देतात, ते ठोके किंचित पुढंमागं होतात का हे वर्षानुवर्षं बघायचं. २९ जून २०२३ रोजी भारत-जपानच्या गटानं युरोपीय गटासोबत २५ पल्सारांच्या नोंदींवरून अशा संथ लहरींच्या खुणा जाहीर केल्या. बहुधा त्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या असाव्यात. तंतूंचं गणितही ताडून पाहिलं जातंच. फार ताणाचे तंतू असते तर यापेक्षा मोठी गुणगुण ऐकू आली असती, म्हणून ते बाद झाले.

दुसऱ्या दिवशी हे सगळं तिला सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न तयारच, "एक लहर जायला किती वेळ लागतो?" म्हटलं, काही वर्षं. तोवर तुझी दहावी होईल.